दगडी पुन्हा पुन्हा का उलटते?

प्रश्न: राहाता तालुक्यात आमचा ११ संकरित गाईंचा गोठा आहे. तिसऱ्या वेताच्या एका गाईच्या डाव्या मागच्या सडाला गेल्या चार महिन्यांत तीन वेळा दगडी (कास सुजून दूध बिघडण्याचा आजार) झाली. प्रत्येक वेळी मेडिकलमधून ट्यूब आणून दोन-तीन दिवस सोडल्या, दूध साफ झाले आणि महिन्याभरात दुधात गाठी पुन्हा दिसू लागल्या. दर वेळी कंपनी बदलून पाहिली. श्रावणात दुसरी एक गाय व्याल्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी ठणठणीत होती, पहाटे मात्र जागेवरून उठेना. सडातून दह्याच्या निवळीसारखे पिवळे पाणी आले. डॉक्टरांनी सलाइन लावून तिला वाचवले, पण तो सड गेला. शिवाय डेअरीवर दुधाचा एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) ८.५ ऐवजी ८.१ किंवा ८.२ लागतो. धार काढण्याआधी आम्ही सर्व गाईंची कास लाल औषधाच्या पाण्याने धुतो, तरी असे का व्हावे? सर्वांत जालीम अँटिबायोटिक कोणते? कोरफड आणि हळदीच्या लेपाने फरक पडतो का? आणि तीनदा आजारी पडलेली, सध्या सहा महिन्यांची गाभण असलेली गाय विकून टाकावी का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपण दिवस, वेत, सड आणि दुधाचा रंग इतक्या नेमकेपणाने लिहिला आहे की, गोठ्यात न येताही बरेच काही सांगता येते. पहिली गोष्ट ही की, आपल्या दोन्ही गाईंना झालेल्या आजाराला आपण दगडी म्हणतो आणि आम्ही पशुवैद्यक कासदाह म्हणतो, पण ते बहुधा दोन वेगळे आजार आहेत. त्यांचे जिवाणू वेगळे, ते येण्याची वाट वेगळी आणि म्हणून उपचारही वेगळे. ‘सर्वांत जालीम औषध कोणते’ या प्रश्नाचे उत्तर मी थेट देत नाही, त्याचे कारण हेच आहे.

जिवाणू कासेत शिरतात ते जवळजवळ नेहमी सडाच्या टोकाच्या छिद्रातून. तिथली नळी जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची असते, तिला आतून मेणचट थर असतो आणि तिच्याभोवतीचा स्नायू ती आवळून धरतो. धार काढल्यावर हे तोंड लगेच मिटत नाही. त्याला अर्धा ते एक तास लागतो. धार संपताच गव्हाणीत चारा टाकून गाय तेवढा वेळ उभी ठेवावी, असे आम्ही सांगतो ते यासाठीच, कारण उघड्या तोंडाचा सड शेणामुताच्या चिखलात टेकला की पुढचे सगळे जिवाणूंच्या हातात जाते.

आता आपली तिसऱ्या वेताची गाय. तोच सड, महिन्या-महिन्याने, गाईला ताप नाही, औषधाने तात्पुरता उतार आणि पुन्हा गाठी. हे चित्र दिसले की माझ्या मनात पहिले नाव येते ते स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे. एक सोपी गोष्ट करून पाहा. धार पूर्ण काढून कास मोकळी झाल्यावर दोन्ही तळहातांनी तो मागचा भाग हलकेच दाबत वरपर्यंत चाचपा आणि मग उजव्या बाजूचा तसाच चाचपा. निरोगी भाग रिकाम्या पिशवीसारखा मऊ लागतो. जुन्या आजाराच्या भागात लिंबाएवढ्या किंवा त्याहून लहान घट्ट गाठी बोटांना लागतात, कधी अख्खा भागच कडक जाणवतो. दगडी हे नाव लोकांनी उगीच ठेवलेले नाही.

हा जिवाणू चिवट का, ते समजून घेतले तर तीन ट्यूब वाया का गेल्या ते कळेल. तो दूध तयार करणाऱ्या ऊतींच्या आत खोल शिरतो, तिथे बारीक गळवे होतात आणि त्यांच्याभोवती तंतुमय भिंत तयार होते. सडातून सोडलेले औषध त्या भिंतीपलीकडे पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. शिवाय जिवाणूला खायला आलेल्या पांढऱ्या पेशींच्या पोटातही तो जिवंत राहू शकतो, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो, आणि त्याचे अनेक वाण पेनिसिलीन मोडून टाकणारे विकर बनवतात. म्हणजे ट्यूब सोडल्यावर दुधात उतरलेले जिवाणू मरतात, गाठी दिसेनाशा होतात, आपल्याला वाटते आजार गेला. प्रत्यक्षात मूळ जागेवरचा साठा तसाच असतो. त्यात दोन दिवसांत औषध बंद केले, तर उरतात ते त्यातल्या त्यात सोशीक जिवाणू. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची ट्यूब आणली तरी आतले औषध त्याच गटातले असू शकते, हेही लक्षात घ्यावे. डबीवरचे नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे नाही.

याच्या उलट स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टी नावाचा जिवाणू आहे. तोही गाईकडून गाईकडे पसरतो, पण तो प्रामुख्याने कासेतच तग धरतो आणि साध्या पेनिसिलीनला चांगली दाद देतो. सगळ्या बाधित गाई शोधून एकाच वेळी नीट उपचार केले, तर तो गोठ्यातून कायमचा घालवता येतो. बाहेरून दोन्ही आजार सारखे दिसतात, दोन्हींत गाठी येतात. एकात माणसाने आशा धरावी, दुसऱ्यात सावध राहावे, आणि कोणता ते फक्त दुधाच्या तपासणीत कळते.

श्रावणात आजारी पडलेल्या गाईची गोष्ट निराळी. व्याल्यानंतरचे पहिले काही दिवस, पावसाळी ओल, रात्रीत झालेला घात, निवळीसारखे पाणी आणि गाय बसून राहणे, हे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला या शेणामातीतल्या जिवाणूंकडे बोट दाखवते. नुकत्याच व्यालेल्या गाईची प्रतिकारशक्ती उतरलेली असते आणि दुधासाठी शरीर झिजत असते. अशा वेळी हे जिवाणू कासेत शिरले की झपाट्याने वाढतात आणि मरताना त्यांच्या भिंतीतले विष बाहेर पडते. गाय कोसळते ती मुख्यतः या विषामुळे. आपल्याला लक्षणे दिसतात तोवर जिवाणूंची संख्या बऱ्याचदा ओसरूही लागलेली असते. म्हणून तिथे शिरेतून भरपूर सलाइन, दाह आणि ताप कमी करणारे इंजेक्शन, गरज असल्यास कॅल्शियम आणि तो सड वारंवार पिळून रिकामा करणे, यावर गाय वाचते. आजार तीव्र असेल तर जिवाणू रक्तात शिरण्याचा धोका असल्याने अँटिबायोटिकचे इंजेक्शनही द्यावे लागते. आपल्या डॉक्टरांनी आधी सलाइनला हात घातला, ते अगदी योग्य केले. त्या सडाचे दुःख आहे, पण अशा आजारात काही तासांचा उशीर गाय घेऊन जातो. पुढे कधी गाय पहाटे उठेना, कान गार लागले, डोळे खोल गेलेले दिसले, तर सडात ट्यूब सोडून वाट पाहत बसू नका. आपले डॉक्टर उपलब्ध नसतील तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा त्यावरून मिळते.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. पुढची ट्यूब आणण्याआधी त्या गाईचे दूध तपासायला पाठवा. प्रयोगशाळेत दोन गोष्टी कळतात: जिवाणू कोणता, आणि त्याच्यावर कोणती औषधे चालतात व कोणती चालत नाहीत. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातही आधी चौकशी करावी. मात्र नमुना चुकीचा घेतला तर शेणातल्या जिवाणूंचा अहवाल हातात येतो आणि उपचार भलत्याच दिशेला जातो, म्हणून पद्धत सविस्तर सांगतो. निर्जंतुक बाटली डॉक्टरांकडून आणा. घरातली औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करा. सड मळका असेल तरच धुवा आणि पूर्ण कोरडा पुसा, कारण ओल्या कासेवरून ओघळणारा एक थेंब सगळा नमुना बिघडवतो. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाका. मग ७० टक्के स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने सडाचे टोक पुसा. कापूस मळला तर दुसरा घ्या, आणि कापूस स्वच्छ राहीपर्यंत पुसत राहा. स्पिरिट वाळू द्या. बाटली आडवी तिरपी धरा, झाकण आतली बाजू खाली करून हातातच ठेवा, सडाचा बाटलीच्या काठाला स्पर्श होऊ न देता ५ ते १० मिली दूध घ्या. गाईची खूण, सड आणि तारीख लिहून बाटली बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी रवाना करा. शेवटचे औषध देऊन साधारण दोन आठवडे होऊ द्यावेत, नाहीतर औषधाच्या अंशामुळे जिवाणू वाढत नाहीत आणि अहवाल खोटाच निर्दोष येतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेतून रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही, त्यामुळे एकदा ‘आढळला नाही’ असे आले तरी दुसरा नमुना पाठवावा.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली आहे. एका शेतकऱ्याने तीन ट्यूब सोडून झाल्यावर मला बोलावले आणि मी नमुना न घेता चौथी सोडली. पाचव्या दिवशी तो सड निळसर आणि हाताला गार लागत होता; रक्तपुरवठा थांबून तो भाग मेला होता. त्या घरी ती एकच दुभती गाय होती. तेव्हापासून नमुन्याची बाटली मी बॅगेत सगळ्यात वर ठेवतो.

एसएनएफचा प्रश्न आपण शेवटी लिहिला आहे, पण मला तो जास्त काळजीचा वाटतो. एसएनएफ चाऱ्यामुळेही उतरतो, हे खरे. मात्र गोठ्यात वारंवार दगडी होत असताना तो उतरला, तर छुप्या कासदाहाचा संशय आधी घ्यावा. त्यात गाय चांगली दिसते, कास मऊ असते, दुधात गाठी नसतात, पण दूध बनवणाऱ्या पेशी दुखावलेल्या असतात. दुधातली साखर आणि केसीन हे प्रथिन कमी होते, रक्तातले क्षार दुधात उतरतात, दूध किंचित खारट लागते आणि डेअरीवर एसएनएफ घसरतो. हा आजार शोधायला कॅलिफोर्निया चाचणी पुरेशी आहे. ती १९५७ पासून जगभर वापरात आहे. चार कप्प्यांच्या पांढऱ्या तबकात प्रत्येक सडाचे थोडे दूध घेऊन तेवढेच द्रावण घालायचे आणि तबक गोल फिरवायचे. द्रावणामुळे दुधातल्या पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांच्यातले डीएनए बाहेर येऊन मिश्रण चिकट होते. जितक्या पेशी जास्त, तितका लपका घट्ट. निरोगी सडाचे मिश्रण पाण्यासारखे वाहते. दोन लाखांच्या वर पेशी प्रति मिली असतील तर त्या सडात संसर्ग असण्याची शक्यता बरीच असते. पंधरा दिवसांतून एकदा अकराही गाई तपासा, वहीत सडवार नोंद करा. ताज्या व्यालेल्या गाईच्या चिकावर ही चाचणी करू नये, त्यात पेशी मुळातच जास्त असतात.

आता ती बादली. आपण सर्व गाईंची कास लाल औषधाच्या पाण्याने धुता, असे लिहिले आहे. माझा अंदाज आहे की, बादली एक आहे आणि फडकेही एकच. असे असेल तर आजारी गाईच्या सडावरचा जिवाणू आपण स्वतःच्या हाताने पुढच्या गाईकडे नेत आहात. लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट; ते शेण, माती आणि दूध यांच्याशी संपर्क येताच निकामी होते. पाणी गुलाबीचे तपकिरी झाले की त्यात औषध उरलेले नसते. दोन-तीन गाई झाल्यावर ती बादली म्हणजे जिवाणूंचे सामायिक पाणी होते. फडके बंद करा. प्रत्येक गाईला वेगळा कोरडा कागद किंवा धुऊन उन्हात वाळवलेला वेगळा कपडा वापरा, आणि पाणी कासेवर न ओतता फक्त मळलेले सड धुऊन पुसा. सर्वांत आधी पहिलारू कालवडी, मग निरोगी गाई आणि सगळ्यात शेवटी ही तिसऱ्या वेताची गाय, असा धारेचा क्रम ठेवा. हाताने धार काढत असाल तर अंगठा दुमडून सड ओढू नका; पूर्ण मुठीने काढा. यंत्र असेल तर रबरी लायनर (सडावर बसणाऱ्या नळ्या) सुमारे २५०० धारांनंतर बदलावेत, कारण भेगा पडलेल्या रबरात जिवाणू घर करतात.

धार संपताच प्रत्येक सड पोव्हिडोन आयोडीन आणि ग्लिसरीनच्या द्रावणात बुडवा. साधारण तीन भाग पोव्हिडोन आयोडीनच्या ५ टक्के द्रावणात एक भाग ग्लिसरीन चालते. सड बुडवल्यावर टोकाला जो एक तपकिरी थेंब लोंबत राहतो, तोच उघड्या तोंडाचा पहारेकरी. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये कासदाहासाठी जो पाच कलमी कार्यक्रम ठरला, त्यातही धारेनंतर सड बुडवणे, आटवताना (विण्याआधी दूध बंद करताना) औषध सोडणे, आजारी सडावर वेळेत उपचार, जुनाट गाई काढणे आणि यंत्राची निगा ही कलमे होती. त्याने गाईकडून गाईकडे जाणारा कासदाह तिथे खूप कमी झाला. शेणामातीतून येणारा मात्र त्याने फारसा हटला नाही. म्हणून श्रावणातल्या गाईसारखा प्रसंग टाळायचा, तर बसायची जागा कोरडी हवी. पावसाळ्यात गाभण आणि ताज्या व्यालेल्या गाईंना गोठ्यातला सर्वांत कोरडा कोपरा द्या, आणि तिथे लाकडाचा ओला भुसा टाकू नका. क्लेबसिएला त्यात चांगली वाढते.

जालीम अँटिबायोटिकबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन औषधे माणसांच्या गंभीर आजारांसाठी राखून ठेवण्याची औषधे आहेत; ती गोठ्यात अंदाजाने वापरू नयेत. कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या पशुवापरावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, तीही याच काळजीतून. अहवालात जे साधे औषध चालते असे येईल, तेच डॉक्टरांच्या सल्ल्याने, पूर्ण मात्रेत आणि पूर्ण दिवस द्या. ट्यूब सोडण्याआधी सडाचे टोक स्पिरिटने पुसा. एकापेक्षा जास्त सडांत सोडायची असेल तर पुसताना पलीकडचे सड आधी आणि सोडताना अलीकडचे आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला आपली बाही लागत नाही. ट्यूबची नळी पूर्ण आत खुपसू नका, टोक जेमतेम आत गेले की पुरे. त्या मेणचट थराला इजा झाली तर पुढच्या संसर्गाला वाट मोकळी होते.

औषध चालू असताना आणि त्यानंतर लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध डेअरीला घालू नका. औषध एकाच सडात सोडले तरी ते रक्तातून बाकीच्या सडांत उतरते, म्हणून चारही सडांचे दूध बाजूला काढावे लागते. दूध उकळल्याने बहुतेक अँटिबायोटिक नष्ट होत नाहीत. ज्या घरी ते दूध जाते तिथे लहान मूल असते, आणि डेअरीत त्याच दुधाच्या दह्याचे विरजण लागत नाही. हे दूध वासरालाही पाजू नका.

कोरफड, हळद आणि चुन्याच्या लेपाला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही प्रोत्साहन दिले आहे. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि सुमारे १५ ग्रॅम चुना वाटून, धार पूर्ण काढून धुतलेल्या कासेवर दिवसातून अनेकदा लावतात. सुरुवातीच्या सौम्य सुजेत आणि छुप्या कासदाहात तो लावायला माझी हरकत नाही, त्याने अँटिबायोटिकची गरज कमी होत असेल तर मला आनंदच आहे. मात्र ताप आलेल्या, चारा सोडलेल्या गाईला लेप लावून थांबू नका, आणि गळवांच्या आत बसलेला स्टॅफिलोकोकस बाहेरच्या लेपाने जाईल अशी आशा धरू नका.

राहिला गाय विकण्याचा प्रश्न. अहवालात स्टॅफिलोकोकस ऑरियस आला आणि सडात घट्ट गाठी असतील, तर दूध चालू असताना आणखी ट्यूब सोडून पैसे घालवू नका. ती सहा महिन्यांची गाभण आहे, म्हणजे महिन्याभरात आटवायचीच आहे. आटवण्याचा काळ हा तिच्यासाठी सर्वांत चांगला संधीकाळ आहे, कारण रोज दूध निघत नसल्याने औषध आत टिकते. शेवटची धार पूर्ण काढून, अहवालाप्रमाणे निवडलेली, आटवण्यासाठीची दीर्घकाळ टिकणारी ट्यूब चारही सडांत सोडावी. दुभत्या काळातली ट्यूब इथे चालत नाही आणि ही ट्यूब दुभत्या गाईला चालत नाही. व्याल्यावर आठवड्याभराने त्या सडाची चाचणी करा आणि नमुना पुन्हा पाठवा. तेव्हाही तोच जिवाणू निघाला, तर डॉक्टरांकडून तो एक सड कायमचा बंद करून घ्यावा आणि गाय तीन सडांवर चालवावी. अनेक गाई तीन सडांवर चांगले दूध देतात. दुसऱ्या सडातही आजार उतरला तर मात्र तिला कळपाबाहेर काढावे लागेल. त्या वेळी घेणाऱ्याला आजार सांगूनच गाय द्या, कारण न सांगता विकलेली अशी गाय दुसऱ्याच्या गोठ्यात हाच जिवाणू घेऊन जाते. तोपर्यंत तिची धार रोज शेवटी काढा, आणि अहवाल हाती आल्यावर त्याची प्रत मला पाठवा. कोणते औषध निवडायचे ते आपल्या डॉक्टरांशी बोलून आपण तिघे मिळून ठरवू.